तेल किती घातलं यापेक्षा ते जंतूपर्यंत पोचलं का, हे विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लवंगेचं तेल, दालचिनीचं तेल, टी ट्री ऑइल, अमुक तेलाने तमुक जंतूचा खात्मा, अशा बातम्या आरोग्य पुरवणीत दर थोड्या दिवसांनी येतात, तुमच्याकडेही आणि बाकीच्या पेपरांतही, आणि त्या खोट्या असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ही तेलं खरंच काम करतात. पण अशा बातमीत तेलाचं नाव असतं, जंतूचं नाव असतं, आणि मधला भाग बहुतेक वेळा गायब असतो, तो म्हणजे ते तेल पाण्यात मिसळलं कसं. मी इमल्शन फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र नांदवायच्या, लॅबमध्ये काम करते, दिवसभर हेच चालू असतं, त्यामुळे हा गाळलेला भाग दिसला की राहवत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे. जागेअभावी कापावं लागलं तर शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आधी साधी अडचण सांगते. जंतू जगतात ओलाव्यात, पाण्याच्या आत, आणि इसेन्शियल ऑइलला, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या या सुगंधी तेलांना, पाण्याचं वावडं. किती वावडं ते घटकाघटकावर आहे. लवंगेतलं युजेनॉल एक लिटर पाण्यात साधारण दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, ओव्यातलं थायमॉल साधारण एक ग्रॅम, आणि लिंबूवर्गीय सालींतलं लिमोनीन मात्र जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम. त्यामुळे पाण्यात नुसते थेंब टाकले की संत्र्याचं तेल वर तवंग धरतं, लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी गोळा होऊन बसतं, आणि मधल्या पाण्यातल्या जंतूंना त्याचा पत्ताही नसतो. वरून ही तेलं उडून जाणारी, झाकण उघडं राहिलं की वास खोलीभर आणि तेल कमी. हवा, उजेड लागला की त्यांचं ऑक्सिडेशन होतं ते वेगळंच.

तेल जंतूला मारतं कसं हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही म्हणून थोडक्यात लिहिते. जंतूच्या पेशीभोवती चरबीच्या रेणूंचं दोन थरांचं आवरण असतं, जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सात-आठ). तेलाचे रेणू स्वतः स्निग्ध असल्यामुळे ते पाणी सोडून त्या आवरणात जाऊन बसतात. ते बसले की आवरण ढिलं पडतं, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं, बाहेरचे प्रोटॉन आत शिरतात आणि पेशीचा एटीपीचा, म्हणजे ऊर्जेचा, साठा घसरतो. बॅसिलस सेरियस या जंतूवर ओरेगॅनोच्या तेलातल्या कार्वाक्रॉलचा हा परिणाम एका संशोधक गटाने १९९९ मध्ये मोजून दाखवलाय. आणि २००२ मध्ये त्याच गटाने जे दाखवलं ते मला फार आवडतं, कार्वाक्रॉल आणि सायमीन या दोन रेणूंत फरक काय तर एका हायड्रॉक्सिल गटाचा, सायमीन आवरणात उलट जास्त घुसतं, आवरण फुगवतं, पण जंतू मारायला कार्वाक्रॉलच्या जवळपासही येत नाही. म्हणजे घुसणं पुरेसं नाही, घुसल्यावर प्रोटॉनची ने-आण करणारा तो गट हवा. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरल्याचे अनुभव छापले, ते कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल, आणि थायमॉल, कार्वाक्रॉल, युजेनॉल ही त्याच कुळातली मंडळी. त्यामुळे यांच्यात दम आहे याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पोचण्याचा. स्टॅफिलोकोकस किंवा लिस्टेरियासारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंपर्यंत पोचणं त्यातल्या त्यात सोपं. ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनास या ग्रॅम निगेटिव्ह मंडळींना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्याच्या पृष्ठभागावर लिपोपॉलिसॅकराइडचा पाण्याला धरून राहणारा थर, त्यातून तेलकट रेणू सहज जात नाहीत. आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा तर आत आलेलं बाहेर फेकणारे पंपही बाळगून असतो. एखादं तेल स्टॅफिलोकोकसवर भारी चाललं म्हणून ते सगळ्या जंतूंवर चालेल असं लिहिणं त्यामुळे चूक आहे.

आता इमल्शन. तेल, पाणी आणि दोघांच्या मध्ये उभा राहणारा इमल्सिफायर, ज्याचं एक टोक तेलाकडे आणि दुसरं पाण्याकडे. जोर लावून तेलाचे बारीक बारीक थेंब केले की इमल्सिफायर प्रत्येक थेंबाभोवती कवच धरतो आणि थेंब परत एकमेकांत मिसळत नाहीत. हिशोब बघा, एक मिलिलिटर तेलाचे १० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) थेंब केले तर त्यांचं एकूण पृष्ठफळ होतं ०.६ चौरस मीटर. तेच थेंब १०० नॅनोमीटरचे केले तर ६० चौरस मीटर. तेल तेवढंच, एक थेंबही जास्त नाही, पण आधीच्या एका थेंबाचे आता १० लाख थेंब झाले. ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब, म्हणजे १०० नॅनोमीटरचा थेंब त्याच्या लांबीच्या विसाव्या भागाएवढा. असे असंख्य थेंब पाण्यात सगळीकडे सारखे पसरलेले असले तर जंतूला तेल भेटण्याची शक्यता किती वाढते ते सांगायलाच नको. शिवाय थेंब वर तरंगून येण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून, त्यामुळे १० मायक्रॉनवरून १०० नॅनोमीटरवर आलं की तो वेग १० हजार पटीने कमी होतो, आणि त्या आकाराला पाण्याच्या रेणूंचे धक्केच थेंबांना मधल्या मध्ये फिरवत ठेवतात. साधं इमल्शन बाटलीत ठेवलं की वर साय धरतं, नॅनोमीटरच्या मापाचे थेंब असलेलं नॅनोइमल्शन महिनोन्‌महिने तसंच दिसू शकतं, याचं कारण हे.

हे प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. तेल, ट्वीन ८० नावाचा इमल्सिफायर आणि पाणी यांचं मिश्रण आधी नुसतं ढवळलं की दुधासारखं पांढरंफेक होतं, कारण थेंब मोठे आणि ते सगळा उजेड विखुरतात. मग त्यात अल्ट्रासाउंडची प्रोब सोडायची, भांडं बर्फात ठेवायचं, नाहीतर प्रोबच्या उष्णतेनेच अर्धा सुगंध उडून जातो, आणि बघत राहायचं. पांढरा रंग हळूहळू पातळ होत जातो, समोरचं अक्षर अंधुक दिसायला लागतं, आणि एक वेळ अशी येते की कुपी उजेडासमोर धरली तर कडेने निळसर झाक आणि आरपार बघितलं तर किंचित तांबूस. ती निळसर झाक दिसली की मशीनवर आकार मोजायच्या आधीच कळतं, थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान झाले. प्रोबच्या टोकातून टायटॅनियमचे कण झडतात म्हणून नंतर ते काढून टाकावे लागतात, ही गोष्ट पेपरमध्ये कुणी लिहीत नाही पण महत्त्वाची आहे. मोठ्या प्रमाणावर करायचं तर हाय प्रेशर होमोजिनायझर किंवा मायक्रोफ्लुइडायझर लागतो. काही पद्धती बिना-मशीनच्याही आहेत, तेल आणि सर्फॅक्टंट (इमल्सिफायरचाच एक प्रकार, ट्वीन ८० त्यातलाच) आधी एकत्र करून त्यात ढवळत ढवळत हळूहळू पाणी सोडलं की एका क्षणी सगळं पालटतं आणि बारीक थेंब आपोआप तयार होतात, पण त्याला सर्फॅक्टंट जास्त लागतो, आणि तो जास्तीचा सर्फॅक्टंट पुढे काय घोळ घालतो त्यावरच येते आता.

कारण मला मुख्य जे सांगायचंय ते इथे आहे. सगळ्यांची समजूत अशी झालीये की थेंब जितका बारीक तितका मार जास्त, नॅनो म्हटलं की विषय संपला. तसं नाहीये. १९९३ मध्येच एका गटाने दाखवलं होतं की द्रव माध्यमात तेल मिसळायला ट्वीन ८० किंवा इथेनॉल वापरलं तर तेलांची जंतुनाशक ताकद उलट कमी मोजली जाते, आणि अगदी थोडा अगार (जंतू वाढवायच्या माध्यमाला घट्टपणा देणारा पदार्थ) घालून तेल नुसतं लटकवून ठेवलं तर तेच तेल जास्त प्रभावी दिसतं. का, तर सर्फॅक्टंटचे रेणू ठरावीक प्रमाणाच्या वर गेले की पाण्यात स्वतःचेच गोळे बांधतात, मायसेल म्हणतात त्याला, आणि तेलाचे रेणू जंतूकडे जायला निघाले की हे मायसेल त्यांना वाटेतच मुक्कामाला ठेवून घेतात. जंतूचं आवरण स्निग्ध, मायसेलचं पोटही स्निग्ध, तेलाला दोन्हीकडे सारखंच बरं वाटतं. पाण्यात मोकळं तेल किती उरलं यावर जंतूचं मरण ठरतं, बाटलीत एकूण तेल किती ओतलं यावर नाही.

२०१२ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात युजेनॉल आणि कार्वाक्रॉल एका वाहक तेलात, म्हणजे ज्यात सुगंधी तेल विरघळवून ठेवतात अशा दुसऱ्या तेलात, मिसळून त्यांची ट्वीन ८० वाली इमल्शनं वेगवेगळ्या आकाराच्या थेंबांची केली होती, आणि निकाल असा की ३००० नॅनोमीटरचे मोठे थेंब असलेली इमल्शनं ८० नॅनोमीटरवाल्यांपेक्षा जंतूंवर जास्त चालली. पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं. पण विचार केला की पटतं, थेंब बारीक केला की पृष्ठफळ वाढलं, पृष्ठफळ वाढलं की कवचही वाढलं, आणि युजेनॉल-कार्वाक्रॉलसारखे रेणू, ज्यांचं एक अंग थोडं पाण्याकडे झुकलेलं असतं, ते त्या कवचातच अडकून बसतात. दुसरीकडे नॅनोइमल्शन केल्यावर परिणाम वाढला असं दाखवणारे अभ्यासही भरपूर आहेत, आणि तेही बरोबर आहेत. तेल कुठलं, सर्फॅक्टंट कुठला, दोघांचं प्रमाण काय, सोबत वाहक तेल आहे की नाही, जंतू कुठला, एवढं सगळं बदललं की उत्तर बदलतं. म्हणून "नॅनो आहे म्हणजे भारी" हे वाक्य मला जाहिरातीत दिसलं की वाईट वाटतं, कारण त्याने खरं काम करणाऱ्यांचंही नाव खराब होतं.

वाहक तेलाची गंमत अशी की ते टाळताही येत नाही आणि हवंसंही नसतं. इसेन्शियल ऑइल पाण्यात थोडं तरी विरघळतं, त्यामुळे लहान थेंबातलं तेल विरघळून पाण्यातून मोठ्या थेंबात जाऊन बसतं, लहान संपत जातात, मोठे मोठे होत जातात, विल्हेल्म ओस्टवाल्डच्या नावाने याला ओस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. थाइमच्या तेलाचं इमल्शन नुसतं केलं तर थोड्याच वेळात असं बिघडतं. उपाय काय, तर त्यात मक्याचं तेल किंवा तसलं पाण्यात अजिबात न विरघळणारं तेल मिसळायचं, मग थेंब शांत राहतात. पण ते मिसळलं की थायमॉलला आत राहायला आणखी एक उबदार जागा मिळते, ते बाहेर येत नाही आणि जंतुनाशक ताकद घटते. टिकाऊ इमल्शन आणि मारक इमल्शन या दोन गोष्टी अशा एकमेकींना ओढत असतात, आणि फॉर्म्युलेशनचं बहुतेक काम त्या दोघींच्या मधली जागा शोधण्याचं आहे. ते कंटाळवाणं काम आहे, त्यात हेडलाइन नाही, पण तेलाचा उपयोग होणार की नाही हे तिथेच ठरतं.

इमल्सिफायर निवडायचे मार्गही बरेच निघालेत. ग्रिफिनने १९४९ मध्ये एचएलबी नावाचा आकडा दिला, सर्फॅक्टंट पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती झुकलेला ते त्यावरून कळतं, ट्वीन ८० चा १५ आणि स्पॅन ८० चा ४.३, सुरुवातीला हा आकडा कामी येतो, पुढचं हाताने करून बघावं लागतं. लेसिथिन, गम अरेबिक, व्हे प्रोटीन, क्विलाया झाडापासून मिळणारं सॅपोनिन असे नैसर्गिक इमल्सिफायरही चालतात, प्रत्येकाची आपापली खोड, प्रोटीनवालं इमल्शन ठरावीक आम्लतेला आलं की थेंब एकमेकांना चिकटायला लागतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा वाटते ती धन प्रभार असलेल्या कवचाची. जंतूच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे थेंबावर धन प्रभार असला तर थेंब आपणहून जंतूकडे ओढला जातो. लॉरिक आर्जिनेटसारखे धन प्रभाराचे सर्फॅक्टंट तर स्वतःच जंतुनाशक आहेत, म्हणजे वाहनही मारतं आणि आतला मालही. पण तिथेही मधे प्रथिनं, डिंक असलं काही ऋण प्रभाराचं आलं की ते आधी त्यालाच चिकटतात. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंसाठी ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन घालून बघतात, बाहेरच्या आवरणाला बांधून ठेवणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते ओढून घेतं, आवरण खिळखिळं होतं आणि मग तेलाला वाट मिळते. तेलाचा डोस वाढवण्यापेक्षा हे असलं काहीतरी डोक्याने केलेलं जास्त चालतं.

आता टेस्टबद्दल, कारण बातमी शेवटी टेस्टवरून येते. अगारच्या प्लेटवर कागदाची चकती ठेवायची, तिच्यावर तेल टाकायचं आणि भोवती किती मोकळं वर्तुळ पडलं ते मोजायचं, ही पद्धत अँटिबायोटिकसाठी छान आहे. तेलासाठी नाही, कारण अगार म्हणजे बहुतांश पाणी, त्यात तेल पसरतच नाही, आणि पसरायच्या आधी बरंच उडून जातं. वर्तुळ लहान म्हणजे तेल कमजोर असा अर्थ काढता येत नाही, मोठं म्हणजे जबरदस्त असाही नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये द्रवातली टेस्ट बरी, पण तिथेही एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी लागते. जास्त डोसच्या खळग्यातून तेलाची वाफ झाकणाखालून शेजारच्या खळग्यांत जाते आणि ज्या खळग्यात औषधच नाही तिथलेही जंतू वाढत नाहीत, मग सगळा निकालच हलतो. शिवाय इमल्शन मुळात गढूळ, त्यामुळे जंतू वाढून गढूळ झालं की इमल्शनमुळेच गढूळ आहे ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून रेझाझुरिन घालतात, जिवंत पेशी असल्या की निळ्याचं गुलाबी होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तेलाशिवायचं नुसतं इमल्सिफायरचं रिकामं इमल्शन शेजारी ठेवून बघितलं पाहिजे. ते ठेवलं नसेल तर जंतू तेलाने मेले की सर्फॅक्टंटने हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. नुसतं तेल, रिकामं इमल्शन आणि तेलाचं इमल्शन, तिन्ही एकाच तराजूत तोलले तरच "इमल्शनने ताकद वाढली" असं म्हणायला आधार मिळतो.

आणि वाढ थांबणं वेगळं, मरणं वेगळं. एमआयसी म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, तेवढ्यावर जंतू नुसते दबा धरून बसलेले असू शकतात. मेले का ते बघायला पुढे ताज्या माध्यमावर लावून बघावं लागतं, आणि लावताना इमल्शनचा अंश सोबत जाऊन तिथेही वाढ रोखत नाहीये ना, त्याचीही खात्री करावी लागते.

लॅबमधल्या स्वच्छ माध्यमात जे प्रमाण पुरतं ते प्रत्यक्ष पदार्थात पुरत नाही. चरबी आणि प्रथिनं तेलाला धरून ठेवतात, त्यामुळे अन्नपदार्थात तोच परिणाम हवा तर डोस कितीतरी वाढवावा लागतो, आणि तेवढा वाढवला की वास-चव इतकी उग्र होते की कुणी खाणार नाही. इमल्शनचा खरा फायदा मला इथे दिसतो, कमी तेलात काम भागवण्याचा. पालेभाज्या, फळं धुवायच्या पाण्यासाठी यावर बराच अभ्यास चालू आहे, कारण क्लोरीन पाण्यातल्या माती-पाल्याशी रिॲक्ट होऊन लवकर खर्ची पडतं. पृष्ठभागाला चिकटलेल्या बायोफिल्मवर, म्हणजे जंतूंनी चिकट थरात बांधलेल्या वसाहतीवर, तर अँटिबायोटिकचाही जोर चालत नाही, तिथे बारीक थेंब आत शिरले तर उपयोग होईल अशी आशा आहे.

अँटिबायोटिकचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, आणि म्हणूनच वनस्पतींच्या तेलांकडे आशेने बघावंसं वाटतं. पण कुणी पेशंट तेलाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धा सोडून देत असेल तर ते आशेचं नाही, धोक्याचं आहे. इमल्शनचं काम सध्या अन्न टिकवणं, पृष्ठभाग साफ करणं, तोंडाची-त्वचेची निगा अशा जागी जवळचं आहे, रक्तातल्या इन्फेक्शनला उत्तर म्हणून नाही. आणि जंतू तेलांना सरावत नाहीत हा समजही पुसून टाका. कमी डोसच्या कार्वाक्रॉलमध्ये वाढवलेला बॅसिलस सेरियस आपल्या आवरणातली स्निग्धाम्लं बदलतो आणि पुढे जास्त डोस सहन करतो, हे २००० मध्येच छापून आलंय. म्हणजे अर्धवट पोचणारं, पातळ, बिघडलेलं इमल्शन वापरणं हे नुसतं निरुपयोगी नाही, जंतूला तालीम देणं आहे.

सुरक्षिततेवर दोन शब्द, कारण वाचक घरी करून बघतात. पाण्याच्या स्प्रे बाटलीत तेलाचे थेंब टाकून हलवलं म्हणजे इमल्शन होत नाही. हात थांबला की तेल वेगळं होतं, मग कधी नुसतं पाणी फवारलं जातं आणि कधी जवळजवळ शुद्ध तेल, आणि शुद्ध तेल त्वचेवर, डोळ्यांत गेलं तर आग, पुरळ, भाजल्यासारखं काहीही होऊ शकतं. टी ट्री ऑइल पोटात गेलं तर विषारी आहे, लवंगेचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर लिव्हरपर्यंत इजा जाऊ शकते, आणि घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्या शरीराला फिनॉलसारखे रेणू नीट निकामी करता येत नाहीत. जुनी, हवा लागलेली तेलं आणखी वाईट, लिमोनीन, लिनालूल यांचं ऑक्सिडेशन होऊन बनणारे पदार्थ त्वचेला ॲलर्जी करतात. आणि चांगलं इमल्शन हे सगळं जास्त आत पोचवतं, जंतूत जसं तसं आपल्यातही, त्यामुळे नैसर्गिक आहे म्हणजे निर्धास्त वापरा असं कृपया कुणी लिहू नका. पाणी असलेल्या इमल्शनमध्ये स्वतःमध्येच जंतू वाढू शकतात, स्यूडोमोनास त्यात तरबेज, हेही लक्षात असू द्या.

तर माझी मागणी अशी. तुमच्याकडे अशी बातमी आली की ती छापण्याआधी बातमीदाराने संशोधकांना चार प्रश्न विचारावेत. तेल कशात आणि किती इमल्सिफायर घालून मिसळलं होतं. रिकाम्या इमल्शनची तुलना केली होती का. थेंबांचा आकार पहिल्या दिवशी किती आणि काही आठवड्यांनी किती. आणि टेस्ट नुसत्या माध्यमात झाली की ज्या पदार्थावर वापरायचंय त्यावर. उत्तरं मिळाली तर ती बातमीतच दोन ओळींत द्या, मिळाली नाहीत तर तसंही लिहा, वाचक समजूतदार असतात. लेबलवर "नॅनो" लिहून उत्पादन विकणाऱ्यांनाही हेच विचारायला हवं, आणि ज्या कॉलेजांतून दरवर्षी तेलांवर प्रोजेक्ट होतात तिथल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलांना चकतीचं वर्तुळ मोजायला लावण्याआधी एक कुपी इमल्शन बनवायला लावा, ते महिनाभर टेबलावर ठेवून रोज बघायला सांगा, साय कधी धरली, निळसर झाक कधी गेली, ते वहीत लिहायला सांगा, आणि पहिल्या दिवशीची आणि शेवटच्या दिवशीची कुपी एकाच जंतूवर लावून बघायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक